बोल आधी तोंडात

गाण्याच्या शिकवण्या करणाऱ्या माणसाच्या घरात केव्हा काय ऐकू येईल याचा नेम नसतो. सकाळी भूपाचे पलटे, दुपारी कुणाचा तरी अडखळणारा त्रिताल, संध्याकाळी हार्मोनियमच्या भात्याशी झटापट करणारी लहान मुले. दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराच्या भिंतींना या सगळ्याची सवय झालेली आहे. पण गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी आमचे भाचेसाहेब आले, खिशातला फोन त्यांनी एका छोट्या पेटीला जोडला आणि त्या पेटीतून जो काही गडगडाट सुरू झाला, त्याने शेजारच्या काकूंनी उठून खिडकी लावून घेतली. मीही मनातल्या मनात एक खिडकी लावून घेतलीच होती. खोटे कशाला बोलू?

भाचा वीस वर्षांचा आहे. इंजिनियरिंग शिकतो, गिटार वाजवतो आणि तीन मित्रांबरोबर ‘हेवी मेटल’ नावाचे संगीत करतो. “मामा, हे आमचं गाणं. सगळं बरोबर आहे, तालात आहे, सुरात आहे. तरी बसत नाही. काय चुकतंय ते सांगा.”

मामाला काय कळणार असे न म्हणता तो माझ्याकडे आला, याचे मला बरे वाटले. कारण दोन वर्षे त्याने माझ्याकडे तबला शिकून मध्येच सोडला होता आणि तेव्हा मी त्याला बरेच काही बोललो होतो.

मी म्हटले, “वाद्ये बंद कर. नुसते शब्द म्हण.”

हे माझे शहाणपण नव्हे. ते अण्णांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे. बडोदे संस्थानच्या कलावंत कारखान्यात अण्णा पखवाजी होते. १९४९ साली संस्थान विलीन झाले तेव्हा ते अवघे बाविशीत होते. दरबारची चाकरी झाली ती चारच वर्षांची, पण ‘दरबारी पखवाजी’ ही ओळख त्यांना जन्मभर पुरली. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. शिकवताना त्यांचा एकच नियम असे: बोल आधी तोंडात, मग हातात. सबंध परण पढंत करून दाखवल्याखेरीज पखवाजाला हात लावू देत नसत. ‘धा’ म्हणताना तोंड पुरते उघडले नाही तर हातही उघडत नाही, असे त्यांचे म्हणणे.

तर भाच्याने शब्द म्हटले. इंग्रजी होते. नाश, रक्त, काळोख असा सगळा मजकूर. त्यातला एक शब्द होता ‘डिस्ट्रक्शन’. इंग्रज माणूस हा शब्द उच्चारताना मधल्या ‘स्ट्रक’वर सारा भार टाकतो आणि आजूबाजूची दोन अक्षरे जवळजवळ गिळतो. आमचे भाचेसाहेब मात्र आपल्या देशी पद्धतीने तिन्ही अक्षरांना सारखे वजन देत होते आणि गिटारचा ठोका ‘डि’वर मारीत होते. म्हणजे समेवर ‘धा’ यायचा तिथे ‘ति’ आलेला! ताल चुकला नव्हता, सूर चुकला नव्हता. चुकले होते ते भाषेचे वजन.

त्या संध्याकाळपासून मी हे संगीत ऐकू लागलो. आरंभी कर्तव्य म्हणून आणि पुढे, सांगायला हरकत नाही, आवडीने.

या संगीताचा जन्मही एका कारखान्याशी बांधलेला आहे, हे वाचून माझी मला गंमत वाटली. इंग्लंडातले बर्मिंगहॅम हे लोखंडी कारखान्यांचे गाव. तिथला टोनी आयोमी हा तरुण पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा तो हाच हात. त्याने बोटांना टोपणे करून बसवली आणि पुढे ताण कमी व्हावा म्हणून तारा उतरवून लावल्या. सूर खाली गेला, जड झाला. त्याच्या ‘ब्लॅक सॅबथ’ या संचाची पहिली ध्वनिमुद्रिका १३ फेब्रुवारी १९७० रोजी निघाली आणि हेवी मेटलचा आरंभ पुष्कळजण तिथूनच धरतात. त्या ध्वनिमुद्रिकेतल्या पहिल्याच गाण्यात षड्ज आणि तीव्र मध्यम एकमेकांसमोर उभे केले आहेत. ते अंतर आपल्याही कानाला अस्वस्थ करते. यमन गाताना आपण त्याची समजूत घालतो, त्यांनी ती घातली नाही एवढेच.

आणि त्यांच्या गिटारचा तो करकरीत आवाज? अँप्लिफायरला झेपेल त्याहून अधिक जोराने ध्वनी पाठवला की लहरींचे माथे छाटले जातात आणि मूळ स्वरात नसलेली उपस्वरांची गर्दी उसळते. अशा गर्दीत गंधार मिसळला तर सगळे गढूळ होते. म्हणून हे लोक बहुधा षड्ज आणि पंचम एवढेच घेतात, फार तर वरचा षड्ज. तंबोऱ्याच्या तारेखाली सूत सरकवून आपण जवारी काढतो ती तरी कशासाठी? उपस्वर जागे व्हावेत म्हणूनच ना! आपल्या आणि त्यांच्या खोलीतले सामान वाटते तितके परके नाही.

आता गळ्याविषयी. या संगीतात गुरगुरल्यासारखा जो आवाज काढतात त्याला ‘ग्राउल’ म्हणतात. गळ्यात खऱ्या स्वरतंतूंच्या थोडे वर आणखी दोन पडदे असतात, त्यांना खोटे स्वरतंतू म्हणतात. एरवी ते गाण्यात भाग घेत नाहीत. ग्राउलमध्ये ते थरथरू लागतात. ही थरथर ओबडधोबड असते, त्यामुळे आवाजाची नेमकी पट्टी कानाला सापडत नाही. म्हणजे स्वर गेला. मींड गेली, मुरकी गेली, कणस्वर गेला. मग गाणाऱ्याजवळ उरले काय? तोंडाच्या पोकळीने घडणारे आ-ई-ऊ, जीभ-ओठ-टाळू यांचे आघात, आणि लय. एवढेच.

नेमके हेच भाषेचे सामान आहे! आणि नेमके हेच पढंतीचेही सामान आहे. पढंतीत ‘धा तिरकिट’ला कुठे स्वर असतो? तरी मुखातून निघालेला बोल पखवाजासारखा वाजतो, कारण ‘ध’चा घोष, ‘त’चा तुटकपणा आणि ‘ट’चा टणका ही त्यांची अंगची संपत्ती आहे. ख्यालात आपण शब्द स्वरात विरघळवतो; दोन ओळींच्या चिजेत पाऊण तास आकार चालतो. मेटलमध्ये उलटे होते. तिथे स्वर विरघळतो आणि शब्दांचे हाड उघडे पडते. म्हणून त्या संगीतात शब्दाचा अर्थ ऐकू येवो न येवो, शब्दाची भाषा मात्र ऐकू येतेच येते. ज्या भाषेत गाल, त्या भाषेचे बोल वाजतात.

हे पटायला जर्मन मंडळींचे उदाहरण पुरे. बर्लिनमध्ये १९९४ साली स्थापन झालेला ‘रामश्टाइन’ हा संच जर्मन भाषेत गातो आणि ती न समजणारी माणसे देशोदेशी तो ऐकतात. जर्मन भाषेत शब्दाच्या शेवटचा ब, द, ग हा प, ट, क असा कडक होतो. शब्दारंभी स्वर आला तर त्याआधी गळ्यात एक लहानसा अडसर बसतो आणि स्वर धक्क्याने सुटतो. म्हणजे प्रत्येक शब्दाला पुढचे आणि मागचे दार घट्ट लावलेले! गिटारचा तुटक, दाबून धरलेला आघात आणि हा शब्द एकमेकांत खिळ्यासारखे बसतात. त्यांचा गायक टिल लिंडेमान ‘र’ जिभेच्या शेंड्याने घोळवून म्हणतो. रोजच्या जर्मन बोलण्यात बहुतेक ठिकाणी ‘र’ घशातून काढतात. जिभेचा ‘र’ ही जुन्या रंगभूमीची शिस्त, शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचावा यासाठी सांभाळलेली. आपल्या जुन्या नटांच्या खणखणीत वाणीची ज्यांना आठवण आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको.

त्यांचे १९९७ चे ‘दु हास्ट’ हे गाणे प्रसिद्ध आहे. ‘हास्ट’ याचा एक अर्थ ‘तुझ्याजवळ आहे’ असा होतो आणि किंचित वेगळ्या लेखनाने ‘तू द्वेष करतोस’ असाही होतो. उच्चार मात्र एकच. ऐकणारा दोन अर्थांच्या मध्ये टांगलेला राहतो आणि गाणे त्या टांगणीवरच उभे आहे. त्याची इंग्रजी आवृत्तीही त्यांनी केली. तिथे द्वेष एवढा एकच अर्थ उरला आणि तो शेवटचा कडक ‘स्ट’ही गेला. वाद्ये तीच, गायक तोच. पण ठोकाच बदलला. श्लेष आणि आघात दोन्ही एका भाषेच्या पोटात असतात, ते उचलून दुसरीकडे ठेवता येत नाहीत.

फिनलंडची गंमत आणखी वेगळी. फिनिश भाषेत आघात नेहमी शब्दाच्या पहिल्या अक्षरावर. शिवाय ऱ्हस्व-दीर्घ आणि द्वित्त यांचे हिशोब काटेकोर. तिथल्या ‘अमॉर्फिस’ या संचाने १९९४ साली ‘कालेवाला’ या आपल्या राष्ट्रीय महाकाव्यावर ध्वनिमुद्रिका केली, पण इंग्रजी भाषांतराच्या आधाराने. पुढे ‘कोर्पिक्लानी’सारखे संच सरळ फिनिशमध्ये गाऊ लागले आणि त्यांच्या गाण्याची चाल पाहावी तर पहिल्या पावलावर जोर देणाऱ्या गावठी नाचासारखी. त्याच देशातल्या ‘फिनट्रोल’ने मात्र गाण्यांसाठी स्वीडिश भाषा घेतली. त्यांचा पहिला गायक फिनलंडमधल्या स्वीडिश बोलणाऱ्या अल्पसंख्य समाजातला होता आणि जंगलातल्या राक्षसांच्या गोष्टींना हीच भाषा शोभते असे त्यांना वाटले. एका देशात, एकाच धर्तीच्या संगीतासाठी तीन भाषा, आणि तिन्हींचा नाद निराळा. तिकडे आइसलंडमध्ये ‘स्काल्मोल्ड’ हा संच जुन्या आइसलँडिक छंदांत गाणी बांधतो. त्या छंदांत ठरावीक जागी आद्य व्यंजनाचा अनुप्रास साधावाच लागतो. अनुप्रास म्हणजे तरी काय? एकाच बोलाची पुनरावृत्ती. तबलजी कायद्यात जे करतो तेच.

एवढे ऐकल्यावर मला वाटू लागले होते की ज्या भाषेत व्यंजनांची दाटी तीच या संगीताला मानवणार. इंग्रजीत ‘डेथ’, ‘ब्लड’, ‘ब्लॅक’, ‘डार्क’ हे सगळे एका ठोक्याचे, व्यंजनाने बंद होणारे शब्द. स्वरान्त भाषांनी या वाटेला जाऊ नये, असा निष्कर्ष मी भाच्याला सांगूनही टाकला. त्यावर त्याने मला न्यूझीलंडचे ‘एलियन वेपनरी’ ऐकवले आणि माझा निष्कर्ष दोन मिनिटांत मोडला.

हे माओरी भाषेत गातात. त्या भाषेत व्यंजने दहा, स्वर पाच, आणि प्रत्येक अक्षर स्वरातच संपते. बंद दार नाहीच. मग ठोका कुठून येतो? तो येतो अक्षरांच्या समान, जलद पडणाऱ्या पावलांतून. आणि दीर्घ स्वरावर सगळ्यांनी मिळून मारलेल्या हाकेतून. ‘हाका’ या त्यांच्या पारंपरिक नृत्यघोषात पायाचा आघात आणि उघडा स्वर एकत्र पडतात, तोच न्याय इथे. दार लावल्याचा आवाज वेगळा आणि दहा माणसांनी एकदम दार उघडल्याचा आवाज वेगळा. पण दोन्हींनी घर हादरतेच.

या संचातले दोघे भाऊ माओरी माध्यमाच्या शाळेत शिकले. माओरी मुलांच्या तोंडून भाषा नाहीशी होत चालली म्हणून तिथल्या समाजाने १९८२ पासून भाषेची बालघरे काढली. १९८७ साली तिला कायद्याने राजभाषेचा दर्जा मिळाला. त्या चळवळीतून निघालेल्या शाळांची ही पिढी. त्यांच्या २०१८ च्या ‘तू’ या ध्वनिमुद्रिकेत १८६४ च्या गेट पा येथील लढाईवर गाणे आहे. त्या लढाईत या भावांचा पूर्वज लढला होता. इंग्रजीत हे गाणे झाले नसते असे नाही. पण तो घोष झाला नसता.

मंगोलियाचा ‘द हू’ हा संच २०१६ सालचा. त्यांच्याकडे तर गळ्यातून खर्ज घुमवण्याची परंपरा आधीपासूनच आहे. खोट्या स्वरतंतूंचा उपयोग त्यांच्या मेंढपाळांना बर्मिंगहॅमने शिकवावा लागला नाही. मोरिन खूर या दोन तारांच्या वाद्याशी त्यांचे शब्द असे मिसळतात की भाषा कुठे संपली आणि तार कुठे सुरू झाली ते कळू नये. आपल्या देशातले म्हणाल तर दिल्लीचा ‘ब्लडीवूड’ हिंदी, पंजाबी आणि इंग्रजी एकाच गाण्यात आणतो. हा संच २०१९ साली जर्मनीतल्या वाकेन येथील मोठ्या महोत्सवात वाजवून आला. तिथे इंग्रजी भाग भरभर बोलल्यासारखा येतो आणि हिंदी-पंजाबी आली की भ, ध, ढ यांच्या महाप्राणांबरोबर ढोल आपोआप जवळ येतो. सिंगापूरचा १९९२ साली सुरू झालेला ‘रुद्र’ तर संस्कृत मंत्रांना या संगीतात बसवीत आला आहे.

असे उदाहरण आपल्याकडे घडलेच नाही असे कुणी समजू नये. बडोद्यात फैजमहंमदखाँकडे शिकलेल्या भास्करबुवा बखल्यांनी १९१६ च्या ‘स्वयंवर’ नाटकाला चाली दिल्या. ब्रजभाषेच्या चिजा मराठी पदांत आल्या तेव्हा चाल तीच राहिली, पण ब्रजच्या लोळणाऱ्या शब्दांजागी मराठीचे उभे शब्द आले आणि तीच बंदिश निराळ्या चेहऱ्याने बोलू लागली. नाट्यसंगीत ज्याला आपण म्हणतो त्याच्या स्वादात मराठीच्या उच्चाराचा वाटा किती, हे ज्याने दोन्ही गायिले आहे त्याच्या जिभेला विचारावे.

इतके झाल्यावर मी भाच्याला म्हटले, “मग तू मराठीत का गात नाहीस?”

तो गप्प बसला. मग म्हणाला, “मामा, मला मराठी बोलता येतं. लिहिता येत नाही. लिहायला घेतलं की मधेच शब्द संपतात.”

या वाक्याने मला जेवढे लागले तेवढे त्या गडगडाटाने लागले नव्हते. आपल्या घरांत सत्यनारायण मराठी, मंगळागौर मराठी, लग्नातल्या अक्षता मराठी. पण मुलांचे शिक्षण इंग्रजीत, खेळ गुजरातीत आणि करमणूक हिंदीत. चार-पाच पिढ्या इथे काढून आपण भाषा टिकवली असे आपण अभिमानाने म्हणतो. ती टिकली आहे ती स्वयंपाकघरापुरती. दोष मुलाचा नव्हता. त्याला तबला सोडल्याबद्दल रागावणाऱ्या मामाने मराठीचे एक पुस्तक त्याच्या हाती कधी दिले नव्हते.

गाण्याला विषय त्याच्याजवळ होता. २०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्रीला आलेला पूर बडोदेकर विसरलेले नाहीत. पाणी वस्त्यांत शिरले, रस्त्यांवर मगरी आल्या. माझ्या बहिणीचे घर नदीच्या बाजूला. तळमजल्यावर छातीइतके पाणी होते. आमचे जुने घर गळते म्हणून अण्णांच्या बोलांच्या वह्या मी तिच्याकडे ठेवायला दिल्या होत्या! पाणी ओसरल्यावर पाहिले तर गाळाने भरलेल्या कपाटात वह्यांचा निळा लगदा झालेला. शाईने लिहिलेल्या साठेक परणांतून दोन वाचता आल्या. भाच्याने एकेक पान पंख्याखाली वाळवले होते. त्या रात्री तो एक शब्द बोलला नाही. हे गाणे त्या रात्रीचे होते, आणि त्याने ते इंग्रजीत लिहिले होते.

मराठीतला पहिला प्रयत्न फसला. प्रलय, विनाश, अंधकार असे भारदस्त शब्द त्याने फोनवरून शोधून आणले. आई, म्हणजे त्याची आजी, सत्त्याऐंशी वर्षांची आहे. ती खुर्चीत बसून ऐकत होती. म्हणाली, “हे कुठल्या पोथीतलं रे? पाणी शिरलं तेव्हा तुझी आई काय ओरडली ते लिही की.”

मग तो आजीजवळ बसला. पूर, लोट, गाळ, चिखल, जबडा, तळघर, माजघर, खळखळ, कडकडाट. आजी सांगत गेली आणि तो इंग्रजी अक्षरांत टिपून घेत गेला. दुसऱ्या दिवशी ते देवनागरीत उतरवून घेण्याची अट मी घातली.

तरीही बसेना. पुन्हा पढंत. तेव्हा ध्यानात आले की तो ‘गाळ’, ‘चिखल’ हे शब्द गाण्यातल्या रीतीने म्हणत होता, शेवटचा ‘अ’ उघडा ठेवून. भावगीतात ते गोड लागते. पण बोलताना आपण तो ‘अ’ गिळतो आणि शब्द व्यंजनाने बंद होतो. मराठीला अशी दोन्ही दारे आहेत: गाताना उघडते, बोलताना लागते. इंग्रजीला एक, माओरीला एक. आपल्याला दोन्ही, हे मला त्या दिवशी नव्याने कळले. बोलण्यातला ‘गाळ’ म्हणजे एकच भरीव ठोका. ‘चिखल’ म्हणजे एक हलके, एक जड; गिटारचा आघात ‘खल’वर यायला हवा. ‘जबडा’ म्हणजे दोन जड पावले. इंग्रजीसारखा आघात मराठीत नसेल, पण लघु-गुरू आहेत, आणि आपल्या वृत्तांचे व पोवाड्यांचे सारे बळ त्यांच्यातच आहे. गुरू अक्षर ठोक्यावर आणा, एवढेच मी त्याला शिकवले. बाकी त्याने केले.

एक गोष्ट मात्र मला ऐकू आली नाही, ती आईला आली. “जबडा” ती म्हणाली, “जहाजातला ‘ज’ नव्हे. दातांवर जीभ लाव.” दंत्य च आणि ज गुजरातीत नाहीत, हिंदीतही नाहीत, मुलाच्या तोंडून ते नकळत गेले होते. ‘ळ’ मात्र शाबूत होता, कारण तो गुजरातीने सांभाळून ठेवलेला. दंत्य उच्चारात फूत्कार अधिक बारीक आणि उंच असतो. गिटारचा करकराट आवाजाचा मधला भाग भरून टाकतो. त्याला भेदून कानापर्यंत येते ते हे उंच, धारदार व्यंजन. जर्मन भाषेतही ‘त्स’ असा उच्चार पदोपदी येतो, आणि त्यांचे शब्द त्या गदारोळातही का कळतात याचे एक कारण तेच असावे. भाच्याने ‘जबडा’ दातांवरून म्हटला आणि गुरगुरण्याच्या मधोमध तो शब्द पात्यासारखा चमकला. चाळीसएक वेळा त्याने तो म्हटला असेल. आई प्रत्येक वेळी मान हलवीत होती, कधी नाही म्हणून, कधी हो म्हणून.

सगळे भाषेनेच होते असा माझा दावा नाही. तारा किती उतरवल्या, ढोलाची लय काय, वाजवणाऱ्याची तयारी किती यांवर आधी सारे उभे असते. शिवाय भलत्या माणसाने ग्राउल केला तर गळा बिघडतो, तेव्हा घरोघरी मुलांनी आजपासून गुरगुरावे असा माझा उपदेश नाही. पण जीभ ज्या भाषेत वाढली त्या भाषेचे वजन गाण्यात उतरते, आणि उसन्या भाषेत गाताना ते वजनही उसने आणावे लागते, एवढे मला कळले आहे.

गाणे आता पुरे झाले आहे. मधल्या भागात वाद्ये थांबतात आणि वाचलेल्या दोन परणांपैकी एक भाचा नुसत्या तोंडाने म्हणतो. घरी ते प्रथम वाजवले तेव्हा मी आईला विचारले, शब्द कळले का? ती म्हणाली, “चार-पाच कळले. परण कळली. तिसऱ्या धाला घाई करतोय, सांग त्याला.” घाई होत होती खरी.

उरलेल्या परणांपैकी मला पाठ असलेल्या मी लिहून काढीत आहे. अकरा झाल्या. भाचा मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, आजीला मराठी वर्तमानपत्र वाचून दाखवतो आणि च-ज वर बोलणी खातो. त्यानंतर अर्धा तास त्याचे संगीत. शेजारच्या काकू अजूनही खिडकी लावून घेतात, पण परवा त्यांनी विचारले, “तो पुराचं गाणं म्हणतो ना हो? आमच्याही माहेरी पाणी शिरलं होतं.”